मधला खांब

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सातवीच्या अडतीस मुलांना आज फर्मान सोडून आलो: रोज चार ओळी दैनंदिनी लिहायची, सबब चालणार नाही. मागच्या बाकावरून दिशा नावाच्या मुलीनं हात वर केला. "सर, तुम्ही लिहिता का?" एकसष्ट वर्षांचा माणूस, दोन कथासंग्रह नावावर, आणि "हो तर" म्हणताना जीभ अडखळली. म्हणून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही घेतली. खोटं बोललंच आहे तर लवकर खरं करून टाकलेलं बरं.

शाळा मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. दर मंगळवारी दोन तास मुलांना गोष्ट लिहायला शिकवायचं. 'लेखक आपल्या वर्गात' असं उपक्रमाचं नाव. कल्पना सौरभची. हा चाळिशीचा, गोड बोलणारा बिल्डर. वडिलांच्या नावानं त्यानं प्रतिष्ठान काढलंय आणि शाळेचा तो विश्वस्तही आहे. माझा दुसरा संग्रह वाचलाय म्हणाला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून असं म्हणणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळे मी खोलात शिरलो नाही.

पहिला धडा: खिडकीतून दिसतं ते लिहा. खिडकीतून दिसते पिस्ता रंगाची सात मजली इमारत. पूर्वी तिथं झोपड्या होत्या, त्या जागी सौरभच्या वडिलांनी ती बारा वर्षांपूर्वी बांधली. निम्मा वर्ग तिथंच राहतो. मुलांनी कबुतरं लिहिली, वाळत घातलेले कपडे लिहिले. अक्षता नावाची एक किरकोळ अंगाची मुलगी, दोन घट्ट वेण्या, तिनं लिहिलं ते जसंच्या तसं: 'तळमजला, पॅसेज, डावा खांब. १० नोव्हेंबर, भेग २१ सेंटिमीटर. १४ नोव्हेंबर, २१. १८ नोव्हेंबर, साडेएकवीस.'

मी म्हटलं, "अगं, भेग दिसते का इथून?"

"नाही सर. पण मला माहितेय ती आहे."

कसं लिहू नये याचा नमुना म्हणून उतरवून ठेवतोय. वर्गशिक्षिका चेतनाबाई म्हणाल्या, "तिच्या आजोबांचे डोळे गेलेत सर. ते सांगतात, ती लिहिते." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सौरभनं गाडी पाठवली. त्या पिस्ता इमारतीच्या तळमजल्यावर तो मुलांसाठी वाचनालय काढतोय. बालवाडी, सोसायटीचं ऑफिस आणि दोन रिकामे गाळे, सगळ्यांच्या मधल्या भिंती गणपतीनंतर काढून टाकल्या. केवढा ऐसपैस हॉल! "सर, हे तुमचं. पोरांना इथंच शिकवा. इथं जमलं तर आपण दहा शाळांत नेऊ. तुम्ही फक्त बोला, काय पाहिजे."

माझी शिकवायची पद्धत रिंगणाची. मुलं गोल बसली की पुढचा-मागचा बाक राहत नाही, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघून गोष्ट सांगतात. वर्गात बाकांमुळे ते जमत नाही. इथं जमलं असतं, पण बरोबर मध्यावर एक जाडजूड खांब. मी सहज म्हटलं, "हा मधला खांब नसता तर रिंगण काय सुरेख बसलं असतं."

सौरभनं ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार म्हणाला, "पूर्ण नाय निघणार शेठ. तासून बारीक करून देतो."

"सरांना पाहिजे तेवढा कर."

माझ्या शब्दाला इतकी किंमत याआधी कधी आली होती, आठवत नाही. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलोय हे मला कळतं. पण वरून दिसतं छान.

निघताना पॅसेजमध्ये डाव्या खांबावर बोटभर रुंदीच्या दोन काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसल्या, शेजारी पेन्सिलीनं तारखा. मुलांचा कसला तरी खेळ. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा, खांबावर तळवा टेकवून, पोराचा ताप बघावा तसा. माझी चाहूल लागून म्हणाला, "कोण तो? चप्पल नवीन वाटता."

मी नाव सांगितलं. वाचनालयाचं सांगितलं.

"मगे भिंती कित्याक काढल्यात?"

"मुलांना बसायला जागा नको का, आजोबा?"

म्हाताऱ्यानं तोंड खांबाकडे फिरवलं. तळवा तिथंच.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

आजचा धडा: 'तसं झालं तर?' कुत्र्याला बोलता आलं तर, डोंगर चालायला लागला तर. वर्गात नुसता कल्लोळ. अक्षतानं पहिली ओळ लिहिली: 'आमच्या इमारतीला खोकला झाला.'

मी वही हातात घेऊन उभाच राहिलो. मुलांना टाळ्या वाजवायला लावल्या. तिला पुढं विचारलं, तर म्हणाली की इमारतीला खोकला आला की धूळ पडते आणि आजोबा इमारतीच्या अंगावर काचेची पट्टी लावतात. मग मला उमगलं, तो खुर्चीतला म्हातारा तिचाच आजोबा, गुणाजी नावाचा. पण पुढची अर्धी पानं पुन्हा आकड्यांनी भरलेली. मी म्हटलं, "आकडे काढून टाक. आकडे बातमीत शोभतात. गोष्टीत नाही."

"पण सर, आकडे खरे आहेत."

"म्हणूनच काढ."

दिशा मधेच, "सर, ही रोज पट्टी घेऊन खाली जाते, सगळे हिला इंजिनीयर म्हणून चिडवतात." वर्ग हसला. अक्षताचे कान लाल झाले.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सौरभचा मेसेज: 'आज तुमच्या खांबाला हात घातला, सर.' शब्दाचा पक्का माणूस. मी अंगठा पाठवला.

मंगळवार, २ डिसेंबर

अक्षताची गोष्ट अडलीय, कारण ती आजोबा सांगतात त्या आकड्यांची जाड वही उघडी ठेवून लिहिते. म्हणून आज वहीच मागून घेतली. कुरकुरली. "रोज लागते सर. आजोबा रागावतील." मी म्हटलं, आजोबांना सांग, लेखक सरांनी नेलीय. तिनं दोन्ही हातांनी दिली.

घरी चाळली. गणपतीपासून रोजची नोंद. मीरा चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाचायला लागली. गंमत म्हणून शेवटचे आकडे इथं उतरवतो: २४ नोव्हेंबर, बावीस. २७ नोव्हेंबर, साडेबावीस, दुपारी मशीन सुरू. २८, सव्वीस. ३०, एकतीस. १ डिसेंबर, चौतीस, पहिली काच फुटली.

मीरा म्हणाली, "अहो, हे भराभर वाढतंय."

"तेच तर. पोरीला ताण चढवत न्यायला जमतं. शिकवून येत नाही ते."

"मी पोरीबद्दल नाही बोलत," म्हणून ती आत गेली. बायकोला माझ्या कुठल्याच विद्यार्थ्याचं कौतुक नसतं.

गोष्टीत तिनं आज एक वाक्य लिहिलंय: 'आता घरं आपापली दारं दातांत धरून ठेवतात.' विचारलं, हे सुचलं कसं? म्हणाली, आमचं किचनचं दार लागत नाही आणि दिशाचं उघडत नाही. खरं लिहायचं तर मला हेवा वाटला. चाळीस वर्षं लिहितोय, असं वाक्य माझ्या वाट्याला आलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

स्नेहसंमेलनात अक्षताची गोष्ट वाचायची ठरलीय, शेवटावरून मात्र आमचं वाजलं. तिच्या गोष्टीत शेवटी इमारत पडते. मी म्हटलं, पडणं सोपं असतं, कुणीही पाडेल. शेवट शांत कर. खोकला थांबला, सगळे आपापल्या घरी जेवायला बसले, संपलं. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा राहू दे.

ती खाली बघत म्हणाली, "मग लोकांना कळणार कसं?"

"काय कळायचंय?"

तिनं वहीचं पान उलटलं. पण तास संपायच्या आत शेवट बदलून आणला, आणि छान आणला. गुणी पोर आहे.

सौरभ वर्गात आला होता. संमेलनात काचेच्या कपाटात मुलांचं लेखन मांडायचं म्हणून त्यानं मुलांचे कच्चे खर्डे मागितले. ती जाड वही मी त्याच्या हाती दिली. त्यानं उभ्याउभ्या चार पानं उलटली, एका पानावरच्या आकड्यांवरून बोट फिरवलं, मग म्हणाला, "ग्रेट आहे सर. ही मी जपून ठेवतो."

शनिवार, २० डिसेंबर

संमेलन झालं. शाळेच्या पटांगणात मांडव, समोर पाचशे माणसं. अक्षता स्टुलावर उभी राहून वाचत होती, आवाज कापत नव्हता. पहिल्या पानाला हशा. 'दारं दातांत धरून' येईपर्यंत मांडव गप्प झाला. मी मनात म्हटलं, हीच ती शांतता, हिच्यासाठी लेखक मरतो.

मग मधल्या रांगेतून तिचे बाबा, नितेश, उठले. कुरिअर कंपनीत आहेत, तिथलाच शर्ट अंगात होता. "ही गोष्ट नाय आहे. आमच्याच बिल्डिंगचं आहे हे! बघा जाऊन, डावा खांब!" लगेच पाच-सहा माणसं उठली. "आमच्या पण किचनला तडा गेलाय!" एक बाई, "सोमवारी सगळे मिळून वॉर्ड ऑफिसला जाऊ या." सोसायटीचा सेक्रेटरी दत्ताराम त्यांना बसवायला लागला.

सौरभ शांत होता. माझ्या कोपराला हात लावून म्हणाला, "सर, पोरीचा कार्यक्रम विस्कटतोय. तुम्हीच सांगा ना."

माझा खरोखर संताप झाला होता. असली गोष्ट, आणि ही माणसं तिची तक्रार करून टाकतात! मी माइक घेतला. म्हटलं, "मंडळी, ही पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत कल्पना आहे. मी शिकवलीय, मला ठाऊक आहे. एवढ्याशा मुलीनं तुम्हाला खरं वाटायला लावलं, यासाठी टाळ्या वाजवा." वाजवल्या, आणि भरपूर वाजवल्या. उठलेले लोक हसत हसत खाली बसले. नितेश तेवढे उभे राहिले.

अक्षतानं स्टुलावरून माझ्याकडे बघितलं. मी तिला मान डोलावून शाबासकी दिली. तिनं मान खाली घातली. लाजली असावी.

मंगळवार, २३ डिसेंबर

सौरभनं दोन ओळींचं पत्र टाइप करून पाठवलं. 'इमारतीचा खोकला' ही कथा माझ्या मार्गदर्शनाखाली लिहिलेली असून पूर्णतः काल्पनिक आहे, तिच्यातील इमारत व भेगा यांचा वास्तवाशी संबंध नाही, वगैरे. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायचंय, लोकांची उगाच घबराट नको. मी सही केली.

मीरानं विचारलं, "वाचून केलीत ना सही?"

"दोनच तर ओळी आहेत."

"तुम्ही तो खांब बघून आलात का एकदा?"

मी म्हटलं, खांबात काय बघायचं असतं?

वाचनालयाचं उद्घाटन रविवार, ११ जानेवारीला. रिंगणात शंभर मुलं बसवायची, आईवडील भिंतीकडेनं. फलकावर 'संचालक' म्हणून माझं नाव. फोटो पाठवला त्यानं. मी तो तीनदा पाहिला.

शुक्रवार, २६ डिसेंबर

चेतनाबाईंचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "सर, बावीस घरांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला होता, पाहणी करा म्हणून. दत्तारामनं तुमचं पत्र जोडून तो परवा मागे घेतला. लोकांनी पण सह्या दिल्या. बोलले, सरच बोलतायत ना खोटं आहे."

मी म्हटलं, मी गोष्टीबद्दल बोललो होतो.

"ते तुम्हाला माहिती सर. त्यांना तुमची सही दिसते." मग म्हणाल्या, "माझी आई कुर्ल्याला भिंतीखाली गेलीय. मी तेव्हा तिसरीत होते. मला या विषयात कल्पना-बिल्पना नको वाटते." आणि फोन ठेवला.

दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. चिडलोय. कुणावर ते नीट कळत नाही.

मंगळवार, ३० डिसेंबर

अक्षतानं आज काही लिहिलं नाही. कोरा कागद पुढ्यात. तास संपल्यावर एवढंच म्हणाली, "सर, वही द्या ना. बाबांना पाहिजे. वॉर्ड ऑफिसात नेऊन दाखवणार आहेत."

सौरभला फोन केला. "अरे, ती वही? संमेलनाच्या सामानात कुठं गेली काय माहिती सर. शोधायला लावतो." तासाभरात शाळेत माणूस आला, अक्षतासाठी नवी वही घेऊन, कव्हरवर टोपी घातलेलं अस्वल. तिनं ती दप्तरात टाकली. थँक यू म्हणाली नाही. हे मला खटकलं, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मला भीती वाटली.

मंगळवार, ६ जानेवारी

आज घडलं तसं, क्रमानं लिहितो.

शाळा सुटल्यावर हॉलमध्ये पुस्तकांची कपाटं लावायला गेलो. मधला खांब आता माझ्या मांडीएवढा राहिलाय, वर गुळगुळीत गिलावा आणि पिवळा रंग. पॅसेजमध्ये गुणाजी आजोबा त्यांच्या खुर्चीत. डाव्या खांबालाही नवा गिलावा, पण त्यावर पुन्हा केसाएवढी भेग, आणि भेगेवर आडवी काचेची पट्टी. शेजारी अक्षताच्या अक्षरात '५ जाने.'

मी वाकून बघत होतो. माझ्या डोळ्यांसमोर टिक् असा आवाज झाला आणि काचेचे दोन तुकडे झाले. कुणी हात लावला नव्हता.

आजोबांनी मान वर केली. "फुटली? चौथी. आधीच्यो ह्यांनी रंग मारताना खरडून काढल्यानी."

मी विचारलं, हे काय आहे सगळं?

"गिरणीत लूम धडधडत, भितीक चीर पडा. आमी काच लावू. चीर जुनी आसली तर काच ऱ्हवता. फुटली तर समजायचा, भित चलता. मगे खात्यातली सगळी माणसां भायर." त्यांनी तळव्यानं खांब चाचपला. "काच खोटां बोलणा नाय. माणसां बोलतत."

घरी येऊन ही दैनंदिनी उघडली. पहिल्यापासून वाचली. २० नोव्हेंबर: मी म्हणतो, खांब नसता तर. २७ नोव्हेंबर: खांबाला हात घातला, मी अंगठा पाठवतो. आणि २ डिसेंबरला गंमत म्हणून उतरवलेले तिचे आकडे. साडेबावीस, दुपारी मशीन सुरू. सव्वीस. एकतीस. चौतीस. माझ्याच हस्ताक्षरात.

मधला खांब मी तासायला सांगितला. त्याचं ओझं डावा खांब उचलतोय आणि त्याला ते झेपत नाही. पोर दोन महिने मला हे सांगत होती, आणि मी तिची भाषा सुधारत होतो. लाज वाटते, हा शब्द फार लहान आहे.

मीराला दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या जाल ना?"

बुधवार, ७ जानेवारी

आधी सौरभला फोन केला. तीही चूकच. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "सर, तुम्ही थकलायत. उद्घाटन होऊ द्या, मग इंजिनीयर बोलावतो ना आपला." मी म्हटलं, उद्घाटन थांबव, त्या छताखाली मुलं नकोत. तेव्हा त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "खांबाचं तुम्हीच बोललात ना सर? ठेकेदार होता तिथं. आणि तुमचा अंगठा माझ्या फोनमध्ये आहे. बघा बुवा. वयाला शोभेल असं करा."

दिवसभर घरात बसून राहिलो. घाबरलो होतो, दुसरं काही नाही. एक दिवस वाया घालवला.

गुरुवार, ८ जानेवारी

वॉर्ड ऑफिस. निम्म्या खुर्च्या रिकाम्या, माणसं निवडणुकीच्या कामाला. किरण नावाचा तरुण इंजिनीयर भेटला. ही वही त्याच्यासमोर ठेवली. त्यानं सगळी वाचली, माझ्या फुशारक्यांसकट. मी खिडकीबाहेर बघत बसलो. मग त्यानं एका फाइलमधून माझं पत्र काढून शेजारी ठेवलं.

"दोन्हीवर तुमचंच नाव आहे काका. मी कुठलं धरू?"

मी म्हटलं, वही.

"पाहणी केल्याशिवाय मी घरं खाली करायला लावू शकत नाही. सोमवारी येतो." मग पुन्हा २७ नोव्हेंबरचं पान उघडून बोट ठेवलं. "मशीन लावून तासला? आतल्या सळ्या दिसत होत्या का?" मला माहीत नव्हतं. तो उठून उभा राहिला. "सोमवार नको. शनिवारपर्यंत सगळ्या साइट लागल्यात, रविवारी सकाळी आठला येतो, कार्यक्रमाच्या आधी. तोवर लोकांना बाहेर राहायला सांगा. तुमचं ऐकतात ना ते?"

शनिवार, १० जानेवारी

काल दार ठोठावत मजल्यामागून मजले फिरलो. कुणी पाणी दिलं, कुणी चहा. जागचं कुणी हललं नाही. शेवटी नितेश म्हणाले, "सर, असं एकेकाला नका सांगू. सगळ्यांसमोर वाचा. तेव्हा पण सगळ्यांसमोरच बोलला होतात ना."

आज चार वाजता पॅसेजमध्ये शंभरेक माणसं जमली. नोटीस बोर्डावर माझं पत्र, त्याच्याखाली मी. ही वही उघडली आणि १८ नोव्हेंबरपासून वाचत गेलो. काही गाळलं नाही. हरभऱ्याचं झाड वाचलं, हेवा वाचला, फलकाचा फोटो तीनदा पाहिला तेही वाचलं. लोक ऐकत होते, मुलं जिन्यावर बसली होती. मला वाचता चांगलं येतं. 'मधला खांब मी तासायला सांगितला' इथं आवाज आपोआप खाली आला आणि विराम पडला. मी ठरवून केलं नव्हतं. चाळीस वर्षांची सवय.

संपलं. मी वही मिटली.

आणि टाळ्या पडल्या.

दत्तारामनं तर शिट्टी मारली. "झकास सर! काटा आला. उद्या उद्घाटनाला हेच वाचा."

मी ओरडलो, "अहो, हे खरं आहे! बाहेर पडा!" घसा फाटेपर्यंत ओरडलो. एक बाई, दिशाची आई, अगदी साधेपणानं म्हणाली, "तेव्हा पण तुम्ही असंच जीव तोडून सांगितलं होतंत, खरं नाय म्हणून. आम्ही ऐकलं. आता कुठलं धरायचं भाऊ?" मी वहीवर बोट ठेवलं. "उद्या साहेब येतायत ना आठला? बघू मग. कुकर लावलाय मी." ती वर गेली. दिशा तिच्या मागोमाग, दोन दोन पायऱ्या चढत.

सहा घरं निघाली. अक्षताचं पहिलं. गुणाजी आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी निघेपर्यंत खांबावरचा हात काढला नव्हता. चेतनाबाईंनी शाळेचा वर्ग उघडून दिला, बाक भिंतीला लावून गाद्या टाकल्या. मीरा घरून भाकऱ्या आणि पिठलं घेऊन आलीय. बेचाळीस घरांपैकी सहा. किरणला तीनदा फोन केला. म्हणाला, उद्या सकाळी सहालाच येतो काका, आठची वाट नाही बघत.

माणसं गादीवर गोल बसलीत. खांब नसलेलं माझं रिंगण.

अक्षता खिडकीशी बसलीय, जिथून पहिल्या दिवशी दिसतं ते लिहायला सांगितलं होतं. अस्वलाची नवी वही उघडून तिनं पहिलं पान हातानं सपाट केलं. माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, यात आकडे चालतील?"

"फक्त आकडेच लिही."

तिनं खिडकीवर बोट टेकवून एकेक मजला मोजला, मग लिहिलं. मी तिच्या शेजारी बसून तेच इथं उतरवतोय.

शनिवार, १० जानेवारी. सात वाजता. दिवे छत्तीस.

सव्वासात. दिवे छत्तीस.

साडेसात. दिवे छत्तीस. पाचव्या मजल्यावर दिशा खिडकीत उभी आहे, हात हलवतेय.